पावसात ऑटोक्रॉसला जायचंय: मैदानापर्यंतच्या प्रवासाचं काय?

वळणवेडी · शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

रविवारी माझी दुसरी ऑटोक्रॉस आहे, म्हणजे मैदानात प्लॅस्टिकचे शंकू (कोन) लावून आखलेल्या कोर्सवर घड्याळ लावून एकेक गाडी पळवायची स्पर्धा. पहिली लख्ख उन्हात झाली होती, त्यामुळे ओल्या मैदानाचा अनुभव शून्य. अंदाज असा: शनिवारी रात्रीपासून जोराचा पाऊस, रविवारी सकाळी वारा आणि सरी, दुपारी उघडीप. मैदान घरापासून १४० किलोमीटर. स्क्रूटिनी (स्पर्धेआधीची गाडीची तपासणी) सकाळी ७ ला सुरू होऊन ८ ला बंद होते, म्हणजे पहाटे साडेचारला अंधारात निघावं लागेल. आयोजकांनी कळवलंय की पाऊस असला तरी स्पर्धा होणार, विजा चमकायला लागल्या तरच थांबवणार.

गाडी रोजच्या वापरातली छोटी हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह. गेल्या महिन्यात वापरलेले चिकट टायर घेतलेत, २०० ट्रेडवेअरचे (म्हणजे मऊ, लवकर झिजणाऱ्या रबराचे), खाचा साधारण ३ मिमी उरल्यात. घरूनच ते लावून निघायचा विचार आहे. तिकडे पावसात जॅक लावून टायर बदलत बसायला नको वाटतं. एकटीच जाणार आहे.

रनची मला फारशी भीती नाही. मोकळं मैदान, मध्ये कोन लावलेले, एका वेळी एकच गाडी. पण घरातले म्हणताहेत की एवढ्या पावसात जाऊच नकोस. तुम्ही लोक काय करता? जाता? आणि गेलात तर काय तयारी करता?

---

तिसरा_गियर · शुक्रवार, रात्री १०.०५

जा. ओल्या मैदानावरच्या चार रनमध्ये जे शिकाल त्याला कोरड्यातले दहा रन लागतील. पकड कमी असली की गाडी घसरते ती कमी वेगात आणि सावकाश, त्यामुळे पुढचं चाक कधी सुटलं, मागचं कधी सुटलं हे हाताला आणि बुडाला कळतं. ताकदवान गाड्यांचा फायदाही कमी होतो. स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, तिन्ही हळुवार वापरायची सवय लागते, आणि ती एकदा लागली की सुटत नाही.

मी १२ वर्षं हे करतोय, पाऊस म्हणून घरी बसल्याचं आठवत नाही.

---

शांत_स्टिअरिंग · शुक्रवार, रात्री ११.२०

तिसरा_गियर, मैदानाबद्दल तुमचं सगळं पटतं. पण वळणवेडी यांचा प्रश्न १४० किलोमीटरच्या रस्त्याबद्दल आहे, आणि त्यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय.

चार वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. चिकट टायर, खाचा ३ मिमीच्या आसपास, टायर बदलायचा कंटाळा. पहाटेचा हायवे, पाऊस मध्यम, वेग ९५. रस्ता जिथे हलकासा खोलगट होता तिथे पाणी साचलेलं मला दिसलंच नाही, कारण अंधारात ओला डांबरी रस्ता आणि साचलेलं पाणी सारखंच चमकतं. आधी आवाज बदलला. टायरखाली पाण्याचा जो सततचा फर्रर्र आवाज असतो तो एकदम बंद झाला. मग स्टिअरिंग हलकं झालं, इतकं की दोन बोटांनी फिरावं. इंजिनचे आरपीएम आपोआप वर गेले, कारण चाकं पाण्यावर मोकळी फिरत होती. गाडी रस्त्यावर नव्हती, पाण्याच्या थरावर होती.

मी घाबरून स्टिअरिंग थोडं डावीकडे वळवलं. चूक तिथे झाली. चाकं वळलेली असताना पाणी संपलं, पकड परत आली आणि गाडी जिकडे चाकं होती तिकडे उसळली. दीड गिरकी घेऊन मी उलट्या दिशेला तोंड करून कडेला थांबलो. मागून कोणी येत नव्हतं, म्हणून आज लिहितोय.

मैदानात गिरकी घेतली तर काय होतं? चार कोन पडतात, मार्शल लाल झेंडा दाखवतो, आपण परत रांगेत येतो. रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्या असतात, झाडं असतात, खांब असतात. आणि आपण तयारी मात्र त्या एक मिनिटाच्या रनची करतो. जा जरूर, पण जे टायर पाण्यासाठी बनलेत ते लावून जा. पाण्यावर गाडी तरंगलीच तर ॲक्सिलरेटर सावकाश सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका. क्रूझ कंट्रोल असेल तर पावसात बंद.

---

आकडेमोड · शनिवार, सकाळी ७.१५

शांत_स्टिअरिंग यांचा ९५ चा आकडा योगायोग नाही. नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र मिळालं: पाणी खाचांतून निसटू शकत नसेल एवढं खोल असेल, तर टायर कोणत्या वेगाला तरंगतो हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा आणि १६.६ ने गुणा, उत्तर साधारण ताशी किलोमीटरमध्ये. ३६ पीएसआय म्हणजे ६ गुणिले १६.६, जवळपास १००. २५ पीएसआय म्हणजे ८३. मोटारीच्या टायरचा आकार वेगळा, त्यामुळे ही लक्ष्मणरेषा समजू नका. रुंद आणि झिजलेला टायर याच्याही आधी तरंगू शकतो. खोल खाचा असल्या की मात्र पाण्याला वाट मिळते आणि ही वेळ लांबते.

म्हणूनच ३ मिमी हा आकडा मला कमी वाटतो. बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे, पण नवा टायर साधारण ८ मिमीचा असतो हे लक्षात घ्या. कायद्यात बसणं आणि पाणी फेकणं यांत फार अंतर आहे.

दुसरं, २०० ट्रेडवेअर. बाजारातल्या इतक्या चिकट टायरवर नेमका हाच आकडा दिसतो, त्याचं एक कारण म्हणजे अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या स्ट्रीट वर्गात किमान २०० लागतो. हा आकडा झिजण्याचा आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही. त्याच्याच शेजारी ट्रॅक्शनचं अक्षर असतं, एए, ए, बी किंवा सी. ते ओल्यावर ब्रेक मारण्याचं आहे, पण तेही सरळ रेषेतलं. वळणावर काय होईल किंवा साचलेल्या पाण्यात काय होईल ते त्यात येत नाही.

आणि वेग. १०० ऐवजी ८० ने गेलात तर ब्रेकिंगचं अंतर एक तृतीयांशाहून जास्त कमी होतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. १४० किलोमीटरला १०० च्या वेगाने ८४ मिनिटं, ८० ने १०५ मिनिटं. फरक २१ मिनिटांचा. तेवढं आधी निघा.

---

पाना_पक्कड · शनिवार, सकाळी ९.००

वळणवेडी, वापरलेले टायर घेतलेत म्हणता, तर आधी एक काम करा. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरं आहेत, त्यांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतील. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ही ओळ कधी कधी आतल्या बाजूला असते, टॉर्च घेऊन बघा. चिकट रबर वयाने कडक होतं, खाचा कितीही शिल्लक दिसोत. आकडे इथे लिहा.

टायर तिकडे नेऊन बदलायचेच ठरवलंत तर जॅकखाली जाड लाकडी फळी ठेवा, ओल्या मातीत जॅक तिरका होतो. चाक बसवण्याआधी हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात ती जागा कापडाने पुसून घ्या. तिथे वाळूचे दोन कण जरी राहिले तरी नट आवळल्यासारखे वाटतात आणि थोड्या अंतरावर सैल होतात. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा, ८०-१०० किलोमीटरनंतर परत तपासा. परतीच्या वाटेवर हे सगळे विसरतात. आणि चार टायर गाडीत टाकले तर पट्ट्यांनी करकचून बांधा. जोरात ब्रेक लागला तर ते पुढे येतील आणि पुढे तुम्ही बसलेल्या असाल.

वायपरची रबरं कधी बदललीत?

---

वळणवेडी · शनिवार, दुपारी १२.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. पाना_पक्कड काका, टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. चारही टायरवर ०८१७ आहे. म्हणजे २०१७ चा आठवा आठवडा ना? नखाने दाबून बघितलं, रोजच्या टायरपेक्षा हेच कडक लागतात. विकणाऱ्याने वयाचं काहीच सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

रोजच्या टायरच्या खाचा मोजल्या, ६ मिमी आहेत. तेच ठेवून जाणार, त्यांच्यावरच पळवणार. वायपरची रबरं दोन वर्षांची होती, आत्ताच बदलली.

---

पाना_पक्कड · शनिवार, दुपारी १२.४५

बरोबर वाचलंत. ते टायर पावसात कुठेच वापरू नका, मैदानातही नको.

---

कोपऱ्यावरचा_मार्शल · शनिवार, दुपारी २.१०

मी गाडी कमी पळवतो आणि कोपऱ्यावर जास्त उभा असतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. आपल्या या खेळात प्रत्येकाला मार्शलगिरी करावी लागते. रन सगळे मिळून चार मिनिटांचे, पण मैदानात उभं राहणं तासा-दीड तासाचं. नवे लोक नेमके इथे फसतात. पातळ रेनकोट घालून येतात, पहिल्या अर्ध्या तासात मोजे भिजतात, मग कुडकुडत उभे राहतात आणि तसेच गाडीत बसून घरी निघतात. थंडी वाजत असलेल्या माणसाचे हात पाय उशिरा हलतात. कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोजे-बूट धरून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तो डबा संध्याकाळपर्यंत उघडू नका.

छत्री नको. वाऱ्यात ती सांभाळायची की कोन उचलायचा? आणि येणाऱ्या गाडीकडे पाठ कधीच करायची नाही. ओल्यात गाडी कुठल्या दिशेला सुटेल याचा नेम नसतो.

कोनच्या भोवती खडूने चौकोन आखलेला असतो, पडलेला कोन नेमका कुठे ठेवायचा ते त्यावरून कळतं. पावसात तो खडू पहिल्या तासात धुऊन जातो. आपल्या कोपऱ्यातले कोन कशाच्या रेषेत आहेत ते उभं राहिल्या राहिल्या बघून ठेवा, डांबरातली भेग, रंगाचा डाग, काहीही. कोन हातभर सरकला तर पुढच्या माणसाचा कोर्सच बदलतो, आणि कोनला २ सेकंदांचा दंड असेल तिथे हा मोठा अन्याय आहे.

विजेचं गांभीर्याने घ्या. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आला तर आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. आत म्हणजे पक्क्या इमारतीत किंवा काचा लावलेल्या मोटारीत. लोखंडी दांड्यांच्या मांडवाखाली घोळका करून उभं राहणं हा आसरा नव्हे.

---

तिसरा_गियर · शनिवार, दुपारी ३.००

शांत_स्टिअरिंग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी टायर नेहमी तिकडेच बदलतो, त्यामुळे ती सवय इतरांनाही असेल असं गृहीत धरून लिहिलं. "जा" म्हणण्याआधी हे सांगायला हवं होतं.

मैदानातलं थोडं. कोर्स वॉक करताना, म्हणजे रनआधी कोर्स पायी फिरून बघताना, पाणी कुठे साचलंय ते बघा आणि बुटाचा तळ घासून बघा. पार्किंगच्या रंगवलेल्या पट्ट्या आणि गटारांची झाकणं ओल्यात बर्फासारखी होतात. त्यांच्यावर ब्रेक मारू नका, जमलं तर त्या सरळ चाकांनी ओलांडा. बूट ओले असतील तर पेडलवरून पाय सटकतो, म्हणून दारात जुना टॉवेल ठेवा आणि बसण्याआधी तळ पुसा. गाडीचा नंबर आजच कोरड्या पत्र्यावर चिकटवा, उद्या ओल्यावर टेप धरणार नाही.

टायरमध्ये नेहमीपेक्षा २-३ पीएसआय जास्त ठेवा, खाचा उघड्या राहतात.

---

फिरकी_तज्ज्ञ · शनिवार, दुपारी ३.४०

हवेच्या बाबतीत असहमत. ओल्यात टायर तापत नाही, म्हणून मी दाब थोडा उतरवतो, म्हणजे रबर मऊ राहतं आणि जास्त टेकतं. माझ्या गाडीला हे मानवतं.

---

आकडेमोड · शनिवार, दुपारी ४.१५

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकता. साचलेलं पाणी असेल तर दाब जास्त बरा, नुसता ओलसर पृष्ठभाग असेल तर कमी दाबानेही काम होतं. पण रस्त्यावर दाराच्या चौकटीवर लिहिलेलाच दाब हवा. मैदानात उतरवलेली हवा परत भरूनच घरी निघायचं. पंप नसेल तर उतरवूच नका.

---

शांत_स्टिअरिंग · शनिवार, संध्याकाळी ६.३०

वळणवेडी, एक शेवटचं. निघण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा की कोणत्या परिस्थितीत तुम्ही परत फिराल. रस्त्यावर पोचल्यावर हा निर्णय अवघड होतो, कारण तोवर प्रवेश फी भरलेली असते, गाडी लादलेली असते आणि घड्याळ पळत असतं. माझ्या अटी अशा: वायपर सगळ्यात जोरात असूनही पुढच्या गाडीचे दिवे दिसेनासे झाले तर सुरक्षित जागी बाहेर पडून थांबायचं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर वळायचं. साधारण ३० सेंमी वाहतं पाणी छोटी मोटार उचलू शकतं, ६० सेंमी बहुतेक मोटारी वाहून नेतं.

---

वळणवेडी · शनिवार, रात्री ८.५०

अटी लिहून डॅशबोर्डवर चिकटवल्या. आईला वाचून दाखवल्या. साडेचारऐवजी चारला निघतेय. आता झोपते.

---

वळणवेडी · रविवार, रात्री ९.१५

घरी पोचले, ठीक आहे. उद्या सविस्तर लिहिते.

---

वळणवेडी · सोमवार, संध्याकाळी ७.३०

आता नीट लिहिते.

पहिले ६० किलोमीटर पाऊस मध्यम होता, मी ७० ते ७५ ने चालले होते. पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर ठेवलं. एका मोठ्या ट्रकने ओव्हरटेक केलं तेव्हा काचेवर पाण्याचा पडदा आला आणि दोन सेकंद काहीच दिसलं नाही. स्टिअरिंग तसंच धरून ॲक्सिलरेटर सोडला. ते दोन सेकंद खूप मोठे वाटले.

हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागल्यावर साधारण सव्वासहाला एक छोटा पूल आला. उजाडायला लागलं होतं, पण दिवे लागतच होते. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दिव्यांच्या उजेडात पुढे पुढे जाताना दिसत होती, ती पाण्यात शिरली आणि पलीकडे निघालीच नाही. पाणी डावीकडून उजवीकडे वाहत होतं, फार जोरात वाटलं नाही, त्यावर गवताच्या काड्या सावकाश जात होत्या. पलीकडचा किनारा वीसेक मीटरवर होता. माझ्या समोर एक उंच गाडी त्यातून गेली, पाणी तिच्या चाकाच्या अर्ध्याला लागलं. मैदान फक्त ९ किलोमीटर राहिलं होतं.

खरं सांगते, मी गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली होती. मग डॅशबोर्डवरचा कागद दिसला. तळ दिसत नसेल तर वळायचं. रिव्हर्स टाकला.

वळसा २६ किलोमीटरचा पडला. कडेला थांबून आयोजकांना फोन केला, त्यांनी शांतपणे सांगितलं की घाई करू नका, स्क्रूटिनी आठपर्यंत चालू आहे. त्यांचे खूप आभार. शिवाय त्यांनी पुढच्या सगळ्यांना त्या पुलाचा निरोप पाठवला, त्यामुळे आणखी काही गाड्या वळून आल्या.

कोर्स वॉक एकदाच करता आला. पहिला रन ५९.८ सेकंद आणि एक कोन पाडला. सुरुवातीलाच चाकं जागेवर फिरली, तिसरा_गियर यांनी म्हटल्यासारखं सगळं सावकाश घडत होतं, पुढची चाकं सुटली की स्टिअरिंग हलकं होत होतं आणि मला ते ओळखू येत होतं. दुसऱ्या रनला वळणाआधीच ब्रेक संपवला आणि मग वळवलं, ५७.१, एकही कोन नाही. मग विजा. मी मोजलं तेव्हा २१ सेकंद आले, म्हणजे ७ किलोमीटर. सगळे आपापल्या गाड्यांत बसलो, जवळपास ५० मिनिटं. दुपारी मैदान वाळत गेलं आणि शेवटचा रन ५२.४ झाला. वाळल्यावर चिकट टायरवाले माझ्या कितीतरी पुढे गेले, पण सकाळच्या पाण्यात मी वर्गात तिसरी होते! तो तक्ता मी फोटो काढून ठेवलाय.

कोपऱ्यावरचा_मार्शल, कोरड्या कपड्यांचा डबा ही या धाग्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ठरली. संध्याकाळी कपडे बदलून सीट मागे टाकून अर्धा तास झोपले, मगच निघाले. ओले बूट, रेनकोट, ताडपत्री सगळं त्या रिकाम्या डब्यात झाकण लावून ठेवलं, तरीही काचांवर वाफ धरत होती. एसी लावला, हवा बाहेरची घेतली, दोन मिनिटांत काच साफ.

---

तिसरा_गियर · सोमवार, रात्री ८.१०

५९ वरून ५७ ला आलात तो रन मला सगळ्यात आवडला. वाळलेल्या मैदानाने बाकीचे सेकंद दिले, ते दोन तुमचे आहेत.

---

फिरकी_तज्ज्ञ · सोमवार, रात्री ८.४५

अभिनंदन! हवा किती ठेवली होती?

---

वळणवेडी · सोमवार, रात्री ९.००

दाराच्या चौकटीवर लिहिलीये तेवढीच, ३३. पंप नव्हता, म्हणून हातच लावला नाही.

---

शांत_स्टिअरिंग · सोमवार, रात्री ९.२०

परतताना तोच रस्ता घेतलात की वळसा?

---

वळणवेडी · सोमवार, रात्री ९.३५

तोच. स्थानिक लोकांना विचारून, पाणी पूर्ण उतरल्यावर. पुलाआधी थांबून पायी पुढे जाऊन बघितलं. सकाळी जिथे पाणी शिरत होतं त्या डाव्या कडेला डांबर खालून पोखरलं होतं, साधारण माझ्या हातांच्या कवेएवढा तुकडा गायब, खाली नुसती माती आणि दगड. सकाळी पाण्यावरून ते दिसायचं कारणच नव्हतं. उजव्या बाजूने चालत्या माणसाच्या वेगाने पूल ओलांडला आणि पलीकडे जाऊन आईला फोन केला.